इलेक्ट्रिक स्कूटर आणि बॅटरीतलं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात दुचाकीच्या बॅटरी पॅकवर काम करते. शेवटच्या वर्षाची मुलंमुली, त्यांचे आईवडील, गॅरेजवाले आणि पेट्रोल गाड्यांच्या कंपन्यांमधून इकडे यायच्या विचारात असलेले लोक साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

या क्षेत्रातला इंजिनिअर दिवसभर करतो तरी काय?

स्कूटरमध्ये मोठे भाग चार: बॅटरी पॅक, मोटर, मोटरचा कंट्रोलर आणि चार्जर. शिवाय चासी, ब्रेक, सस्पेन्शन, वायरिंग हार्नेस, डिस्प्ले आणि त्यातलं सॉफ्टवेअर आहेच. यातल्या एका भागाच्या एका तुकड्यावर तुमचं नाव लागतं. कुणी वर्षभर फक्त चार्जिंगचा कनेक्टर बघतो, कुणी कंट्रोलरच्या हीट सिंकमागे असतो.

वेळेचा हिशोब काढला तर नवीन डिझाइन थोडं आणि तपासणी जास्त. सप्लायरकडून आलेला भाग ड्रॉइंगप्रमाणे आहे का, टेस्टमध्ये तुटला तर का तुटला, बाजारातून परत आलेल्या पॅकमध्ये नेमकं काय झालं. एक्सेल खूप असतं. ज्यांना हे ऐकून जांभई येते त्यांनी आत्ताच दुसरं काही बघावं.

सेल तर चीन-कोरियाहून येतात. मग आपल्याकडे इंजिनिअरिंग काय उरलं?

हा प्रश्न खोचकपणे विचारला जातो, पण प्रश्न योग्य आहे. लिथियम-आयन सेल बाजारात आणला सोनीने, १९९१ मध्ये. आजही आपल्या स्कूटरमधले बहुतेक सेल आयातच होतात. केंद्राने २०२१ मध्ये सेल इथे बनावेत म्हणून १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, ५० गिगावॅट-तासांचं उद्दिष्ट ठेवलं. काम त्या वेगाने झालेलं नाही.

पण सेल म्हणजे बॅटरी नव्हे. २१७०० नावाचा सेल २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर उंच असतो. असे दीडशेहून अधिक सेल एकत्र बांधायचे, ते पाच-सात वर्षं खड्ड्यातून न्यायचे, कोकणच्या पावसात भिजवायचे, चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभे करायचे आणि तरी ग्राहकाला विचार करावा लागू नये. हे सगळं सेल बनवणारा करत नाही, पॅक बनवणारा करतो. आपल्याकडच्या नोकऱ्या याच मधल्या जागेत आहेत. एथर या इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीची सुरुवात आठवा: तरुण मेहता आणि स्वप्निल जैन हे आयआयटी मद्रासचे दोघे आधी नुसता पॅकच बनवायच्या विचारात होते. मग लक्षात आलं की त्या पॅकला साजेशी स्कूटरच बाजारात नाही. २०१३ मध्ये कंपनी, २०१८ मध्ये पहिली गाडी.

एक उदाहरण देते. सेलच्या टोकांना निकेलची पट्टी वेल्ड करतात. सेलचा पत्रा जेमतेम पाव मिलिमीटर. वेल्ड कमी झाला तर सहा महिन्यांत सुटतो, जास्त झाला तर पत्र्याला भोक. म्हणून असेंब्ली लाइनवर नमुना म्हणून काही सेलवरची पट्टी पक्कडीने सोलून काढतात. वेल्ड चांगला असेल तर पट्टी फाटते आणि निकेलचे बारीक ठिपके सेलवरच चिकटून राहतात. पट्टी अख्खी, गुळगुळीत निघून आली तर ती बॅच थांबवायची. आणि पट्टी खरंच निकेलची आहे का? निकेल चढवलेलं लोखंड स्वस्त पडतं आणि दिसायला सारखंच असतं. लोहचुंबक दोन्हीला चिकटतो, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. ग्राइंडरवर धरा: ठिणग्यांचा फुलोरा उडाला तर लोखंड. ही चाचणी कुठल्या पाठ्यपुस्तकात मला भेटली नाही, लाइनवरच्या एका जुन्या फोरमनकाकांनी दाखवली.

पॅकचं गणित कसं असतं? मुलाखतीत विचारतात म्हणे.

विचारतातच. कागद-पेन घ्या.

समजा सेल ५ अँपिअर-तासांचा, ३.६ व्होल्टचा. एका सेलमध्ये १८ वॅट-तास. स्कूटरला ३ किलोवॅट-तासांचा पॅक हवा, म्हणजे विजेच्या बिलावरची ३ युनिट. ३००० भागिले १८, जवळपास १६७ सेल. मांडणी करायची १४ सिरीजमध्ये आणि प्रत्येक सिरीजला १२ पॅरलल, एकूण १६८. व्होल्टेज १४ गुणिले ३.६, म्हणजे साधारण ५० व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ ला जातो, म्हणून ५८.८. कपॅसिटी १२ गुणिले ५, म्हणजे ६० अँपिअर-तास. स्कूटर किलोमीटरला ३० वॅट-तास खात असेल तर रेंज १०० किलोमीटर. (कागदावरची. मागे मावशी, पुढे गॅसची टाकी आणि समोर पुण्याजवळचा दिवे घाट असेल तर ही रेंज विसरा.)

इथपर्यंत सगळेच येतात. पुढचा प्रश्न खरा असतो: गाडीने ५ किलोवॅट मागितले तर काय? ५० व्होल्टला १०० अँपिअर. ते १२ सेलमध्ये वाटले की प्रत्येकी ८.३. सेलचा अंतर्गत रोध २० मिलिओहम धरला तर करंटचा वर्ग गुणिले रोध, एका सेलमध्ये सुमारे १.४ वॅट उष्णता. गुणिले १६८, पॅकमध्ये २३० वॅटच्या आसपास. बंद डब्यात. आता हीच उष्णता दोन-चार सेकंदांच्या ओव्हरटेकसाठी आहे की पाच मिनिटांच्या घाटासाठी, यावर डब्याचं अॅल्युमिनियम किती जाड असावं ते ठरतं. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे ज्याने आपणहून सांगितलं त्याचा अर्ज आम्ही बाजूला काढून ठेवतो.

बीएमएस म्हणजे काय, आणि त्यात काम मिळतं का?

बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. प्रत्येक सिरीज गटाचं व्होल्टेज, पॅकचा करंट आणि काही जागांचं तापमान सतत मोजणारा सर्किट बोर्ड. मर्यादा ओलांडली की तो पॅकचा वीजप्रवाह तोडतो. काम भरपूर मिळतं. या क्षेत्रात सगळ्यात जास्त मागणी असलेल्यांपैकी ही एक जागा. सी भाषा, मायक्रोकंट्रोलर, कॅन बस (गाडीतल्या सर्किट बोर्डांमधली संदेशांची वाट) आणि थोडं कंट्रोल थिअरी येत असेल तर दार उघडं आहे.

लोकांना वाटतं त्यापेक्षा बीएमएसचे हात बांधलेले असतात. बॅलन्सिंगचंच घ्या. एक गट बाकीच्यांपेक्षा एक टक्का जास्त भरला, तर ६० अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये तो फरक ०.६ अँपिअर-तास. दुचाकीत सहसा पॅसिव्ह बॅलन्सिंग असतं, म्हणजे जादा चार्ज रोधातून जाळून टाकायचा. तो करंट ०.१ अँपिअर धरा. एक टक्का काढायला सहा तास. म्हणून सेल लावायच्या आधीच नीट जुळवून घेणं याला पर्याय नाही. आळशी असेंब्ली नंतर सॉफ्टवेअरने निस्तरत नाही.

एनएमसी चांगलं की एलएफपी?

हे दोन्ही लिथियम-आयन सेलचेच प्रकार. एनएमसीमध्ये निकेल, मँगनीज, कोबाल्ट. त्याच वजनात जास्त ऊर्जा. एलएफपीमध्ये लोह आणि फॉस्फेट. जड, पण उष्णतेला जास्त सोसतं आणि जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊन टिकतं. एलएफपीचा सेल ३.२ व्होल्टचा, म्हणून ५० व्होल्टसाठी १४ ऐवजी १६ सिरीज लागतात.

एलएफपीची एक डोकेदुखी आहे. मधल्या मोठ्या पट्ट्यात त्याचं व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे व्होल्टेज बघून बॅटरी ७० टक्के आहे की ४० हे सांगता येत नाही. करंट मोजून हिशोब ठेवावा लागतो आणि तो हिशोब हळूहळू सरकत जातो. काही गाड्या अधूनमधून शंभर टक्के चार्ज करायला सांगतात त्याचं कारण हेच. माझं मत विचाराल तर आपल्या उन्हात, रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला एलएफपीच बरी. स्पोर्टी गाडीवाले हे ऐकून घेणार नाहीत.

स्कूटर पेट का घेतात? हे क्षेत्र सुरक्षित आहे का?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्या उन्हाळ्यात देशभरात अशा घटना झाल्या, माणसंही गेली, आणि आमच्या धंद्याचा तो सगळ्यात वाईट काळ होता. घरी फोन यायचे, तुमच्या गाड्या पण जळतात का म्हणून.

कारणं निरनिराळी असतात: सेलमधला उत्पादनदोष, खराब वेल्डमुळे तापलेला सांधा, आत शिरलेलं पाणी, सेलला न मानवणारा चार्जर, किंवा बीएमएसने न ओळखलेलं असंतुलन. सेल एका तापमानापलीकडे गेला की आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता तयार करते आणि मग ती थांबवता येत नाही. याला थर्मल रनअवे म्हणतात. एक सेल गेला तर ती दुर्घटना छोटी असते. शेजारचे सेल पेटत गेले की गाडी जाते. म्हणून डिझाइनमधला खरा प्रश्न असा: एक सेल जाणारच असं धरून चाला, मग बाकीच्यांना कसं वाचवणार? सेलमधलं अंतर, मधे घातलेलं आगरोधक मटेरियल, वायू बाहेर पडायला वाट, हे सगळं त्यासाठी.

२०२२ च्या आगींनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि बॅटरीच्या सुरक्षिततेच्या एआयएस १५६ या मानकात मोठी सुधारणा झाली. ती दोन टप्प्यांत आली, पहिला १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. पॅक पाण्यात बुडूनही कोरडा राहावा ही अट, बीएमएसमध्ये अनिवार्य सुरक्षा, एका सेलमधला बिघाड पसरतो का याची चाचणी, हे त्यातले महत्त्वाचे मुद्दे. काही कंपन्यांचे पॅक अक्षरशः नव्याने डिझाइन करावे लागले. काही छोट्या कंपन्यांना ते झेपलं नाही.

बाजारातून आलेला जळका पॅक उघडणं हे या कामातलं सगळ्यात शांतपणे करायचं काम. फोटो आधी, पाना नंतर. पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टरच्या तांब्यावर हिरवट थर दिसतो आणि खालच्या सेलच्या बुडाशी गंज. आग कुठून सुरू झाली ते बहुधा सगळ्यात जास्त जळलेल्या जागी सापडतं, पण नेहमीच नाही, कारण वायू वर जातो आणि झाकणाखालचा भाग उगाचच दोषी दिसतो.

टेस्टिंगमध्ये करिअर होतं का, की ती दुय्यम नोकरी?

दुय्यम मुळीच नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था आहे, १९६६ पासूनची, चाकणलाही तिची प्रयोगशाळा आहे. गाडी रस्त्यावर आणायची तर तिथून, मानेसरच्या आयकॅटमधून किंवा अशाच मान्य संस्थेतून प्रमाणपत्र लागतं. पॅकला कंपन, उंचावरून पाडणं, शॉर्ट सर्किट, ओव्हरचार्ज, तापमानाचे झटके, आगीचा सामना, असं सगळं सोसावं लागतं. पॅकच्या वाहतुकीसाठी यूएन ३८.३ ही चाचणी वेगळी.

टेस्टिंगवाल्या माणसाला गाडी कुठे कुठे मोडते हे डिझाइनवाल्याच्या आधी कळतं. पाचेक वर्षं तिथे काढून डिझाइनला आलेले इंजिनिअर मला सगळ्यात भरवशाचे वाटतात.

कोणती शाखा घ्यावी?

इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, केमिकल, मेटलर्जी, कॉम्प्युटर, सगळ्या चालतात. 'ईव्ही इंजिनिअरिंग' अशी खास पदवी हवीच असं नाही. त्यापेक्षा मूळ शाखा पक्की असलेली बरी. सेलच्या रसायनशास्त्रातच जायचं असेल तर मात्र एमएस्सी किंवा पीएचडीचा विचार करा. पुण्यात एनसीएल, सी-मेट आणि आयसर या संशोधन संस्था आहेत, तमिळनाडूत कारैकुडीला सेक्री ही विद्युत-रसायनशास्त्राची संस्था आहे. पुण्याच्या केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं, तेही आयसर पुण्याबरोबरचं.

डिप्लोमा किंवा आयटीआय केलेल्यांना जागा आहे?

आहे, आणि ती कमी लेखू नका. वेल्डिंग, असेंब्ली, एंड-ऑफ-लाइन टेस्टिंग, सर्व्हिस, प्रोटोटाइप शॉप. प्रोटोटाइप शॉपमधला हुशार डिप्लोमावाला डिझाइनवाल्यांच्या चुका त्यांच्याआधी पकडतो. त्याच्या नावासमोर कुठला हुद्दा आहे याची त्या खोलीत कुणाला पडलेली नसते. बढतीच्या वेळी पडते, हे खरं आहे, म्हणून जमलं तर नोकरी करत पदवी पूर्ण करा.

पेट्रोल गाडीतला अनुभव वाया जातो का?

इंजिन कॅलिब्रेशनवाल्यांना नव्याने शिकावं लागतं. चासी, ब्रेक, सस्पेन्शन, कास्टिंग, हार्नेस, सप्लायर क्वालिटी, यातलं काहीच वाया जात नाही. उलट नव्या कंपन्यांना नेमकी हीच माणसं कमी पडतात. बजाजने १९७२ चं चेतक हे नाव २०१९ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरला दिलं, जानेवारी २०२० मध्ये ती पुणे आणि बेंगळुरूत विकायला काढली. तिच्यामागे दुचाकी बनवण्याचा अनेक दशकांचा सराव होता.

स्टार्टअप की जुनी कंपनी?

स्टार्टअपमध्ये दोन वर्षांत पॅक, चार्जर आणि सर्व्हिस, तिन्हीकडे हात लागतो. जुन्या कंपनीत एकच भाग, पण तो नीट कसा करायचा, कागद कसे ठेवायचे हे शिकायला मिळतं. पहिली नोकरी असेल आणि निवड हातात असेल तर मी जुनी कंपनी सुचवते.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा: हा धंदा बराच काळ सरकारी अनुदानावर उभा होता. फेम-२ योजनेत किलोवॅट-तासाला १५,००० रुपये आणि किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मिळायची. १ जून २०२३ पासून ती १०,००० आणि १५ टक्क्यांवर आली. त्या महिन्यात विक्री आपटली. माझ्या ओळखीतल्या एका छोट्या कंपनीने आधी पगार लांबवले, मग आर अँड डीची अर्धी खोली रिकामी केली. मुलाखतीत तुम्हीही विचारा: अनुदान गेलं तर ही गाडी नफ्यात विकता का? उत्तर देताना समोरचा चुळबुळला तर समजून जा.

पगार किती मिळतो?

आकडा छापला की तो वर्षभरात शिळा होतो. एवढं सांगते: सुरुवातीला फर्मवेअर आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मेकॅनिकलपेक्षा जास्त, आणि आयटीतल्या मित्राशी तुलना करायला बसलात तर झोप जाईल. शेअर्सचं आमिष पगाराऐवजी दाखवत असतील तर सीएला विचारून मगच सही करा.

राहावं कुठे लागतं?

पुणे, म्हणजे आकुर्डी-चाकणचा पट्टा. बेंगळुरू. होसूर आणि कृष्णगिरी, तमिळनाडूत. एथर, टीव्हीएस, ओला यांचे कारखाने तिकडे. एथरने छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला कारखाना जाहीर केल्यापासून मराठवाड्यातली मुलं विशेष चौकशी करतात. होसूरला जाणार असाल तर थोडं तमिळ, थोडं कन्नड शिका, लाइनवर हिंदी फार उपयोगी पडत नाही.

मुलीला या कामाला पाठवावं का?

आईवडिलांचा प्रश्न. पाठवा. प्लांटमध्ये शिफ्ट असते, टेस्ट ट्रॅकला बाहेरगावी जावं लागतं, शॉप फ्लोअरवर सेफ्टी शूज घालून उभं राहावं लागतं. बस कितीची आहे आणि रात्रीच्या शिफ्टला घरापर्यंत सोडतात का, हे कंपनीला बेधडक विचारा. ते विचारणाऱ्या मुलीला कुणी नाजूक समजत नाही.

महागडा 'ईव्ही सर्टिफिकेट कोर्स' करावा का?

पन्नास-साठ हजार घेऊन स्लाइड दाखवणारे खूप झालेत. त्याऐवजी एनपीटीएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी मद्रासचे प्रा. अशोक झुनझुनवाला यांचा इलेक्ट्रिक वाहनांवरचा कोर्स फुकट ऐका. कॉलेजची ई-बाहा किंवा फॉर्म्युला भारत या गाडी बनवण्याच्या विद्यार्थी स्पर्धांची टीम असेल तर तिच्यात घुसा. पैसे घालायचेच तर असा कोर्स निवडा जिथे खरा पॅक, खरा ऑसिलोस्कोप हातात देतात.

कॉलेज प्रोजेक्टसाठी स्वतः पॅक बनवू का?

बनवा, पण जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल वापरून नको. त्यांचा इतिहास माहीत नसतो. नवे एलएफपी सेल घ्या, बिलासकट. पहिला पॅक चारच सिरीजचा ठेवा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ आधी काढा, पान्यांच्या दांड्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळा. फ्यूज पॅकच्या टोकाला अगदी जवळ, तारेच्या दुसऱ्या टोकाला नाही. पॅक कंट्रोलरला थेट जोडला की कनेक्टरवर जोरदार ठिणगी पडते, कारण कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर एका क्षणात भरतात. मधे प्री-चार्जचा रोध घाला. कपॅसिटर का, ठिणगी का, रोध किती ओहमचा, हे मुलाखतीत सांगता आलं तर बाकीचे प्रश्न सोपे जातात. चार्जिंग हॉस्टेलच्या खोलीत नको, पलंगाखाली तर अजिबात नको. वर्कशॉपमध्ये, कुणीतरी समोर बसलेलं असताना.